शिळा पोचा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने आमच्या व्हॅनच्या दारावर पहिला घाव घातला तेव्हा मी गॅरेजच्या मागच्या मोरीत हात धूत होते. नुसत्या आवाजावरून कळलं की टॉमी आहे. टॉमी म्हणजे जॅक फिरवायची लोखंडी दांडी. सगळं आयुष्य पत्रा ठोकण्यात गेलं की कोण कशाने मारतंय हे न बघताही कळतं. मी तशाच ओल्या हाताने सापडली ती हातोडी उचलली आणि बाहेर धावले.

तो ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या, केस जिथल्या तिथे. एक घाव घालायचा, जरा मागे सरकून बघायचं, मग दुसरा घालायचा. शनिवार-रविवार त्याच्याकडे राहून आलेली माझी भाची दप्तर पोटाशी धरून भिंतीला चिकटली होती आणि तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तिच्यापुढे आडवी उभी होती.

“नोटीस पाठवतेस मला?” घाव. “माझ्या पोरीला उचलून दुसऱ्या शहरात जाणार?” घाव. “जा की. जाऊन तर दाखव.”

“अरे ए मुडद्या, थांब!” मी हातोडी उगारून त्याच्या अंगावर गेले.

तो वळला आणि चक्क हसला. “या ताई, तुमचीच वाट बघत होतो. मारा. पोरीच्या डोळ्यांदेखत मारा, म्हणजे कोर्टात सांगायला मला फार शब्द लागणार नाहीत.”

धाकटीने मागून माझं मनगट धरलं. तिचा हात असा की तिने धरलेलं सुटत नाही. त्याने टॉमी आपल्या गाडीच्या डिकीत ठेवली, आरशात बघून केसांवरून हात फिरवला, पोरीच्या गालाला चिमटा काढला. “येतो हं राणी, पुढच्या शनिवारी.” आणि गेला. व्हॅनचं दार पार चेचलं होतं, पण काचेला त्याने स्पर्शसुद्धा केला नव्हता. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. काच जोडता येत नाही, पत्रा सरळ करता येतो, आणि आम्ही तो करणारच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी तडक पोलीस चौकी गाठली. हवालदाराला आपला चहा संपवायचा होता, तो संपेपर्यंत मी त्याच्यापुढे उभी राहिले. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून तो उठला. त्याला घेऊन मी गॅरेजवर आले तर धाकटी स्टुलावर बसून फडक्याने हात पुसत होती. दार गुळगुळीत. पोचे काढलेले, बारीक खड्ड्यांत पुटी भरून घासलेली, वर रंगाचा हात. तो तेवढा ओला होता.

हवालदाराने दारावरून बोट फिरवलं आणि रंग लागलेलं बोट माझ्यापुढे धरलं. “कुठाय हो पोचा?”

“आत्ता होता!”

“बाई, ताजा रंग म्हणजे काही गुन्हा नाही,” म्हणाला आणि बोट तिच्याच फडक्याला पुसून चालता झाला.

तो गेल्यावर मी धाकटीला नाही नाही ते बोलले. ती रंगाच्या डब्याचं झाकण ठोकून बसवत राहिली. मग म्हणाली, “बघवत नव्हतं ताई. वायसर सतत दाराकडेच बघत होती.”

वायसर म्हणजे भाची. रांगायला लागली तेव्हा तिने नटाचा वायसर गिळला होता आणि आम्हा दोघींच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, तेव्हापासून तेच नाव पडलं. आता ती तिसरीत आहे.

आता या मूर्खपणाचं कारण सांगायला हवं, नाहीतर तुम्ही धाकटीला वेडी ठरवाल. हे गॅरेज आमच्या वडिलांचं. त्यांची एकच शिस्त होती, आज आलेला पोचा आजच काढायचा. पोचा शिळा ठेवायचा नाही. शिळा पोचा पत्र्यात मुरतो, मग कितीही ठोका, ऊन पडलं की त्याची सावली दिसते, असं ते सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, पण आम्ही दोघी त्यातच वाढलो. दुसरी मुलं पडली की रडतात, आम्ही पडलो की आधी सायकलच्या मडगार्डचा पोचा काढायचो आणि मग गुडघा बघायचो.

आणि नवरा कोण मिळाला, तर विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायला यायचा. पोच्यांचे फोटो काढायचा, कंपनीला पाठवायचा, क्लेम पास करायचा किंवा अडवायचा. बोलणं असं गोड की आम्ही त्याचं नाव पॉलिश ठेवलं होतं. धाकटी त्या पॉलिशवर घसरली. गॅरेजच्या वरच घर, तिथे दोघांनी संसार मांडला, आणि मी पलीकडच्या गल्लीत खोली घेतली. जिन्याच्या वर काय चाललंय ते मला बरेच दिवस कळलं नाही, कारण खाली आम्ही दिवसभर पत्रा ठोकतो. एकदा धाकटी डाव्या हाताने हातोडी चालवताना दिसली. विचारलं तर म्हणाली, उजवा खांदा अवघडलाय. मी तिची कामाची डांगरी मानेपाशी बाजूला केली तर गळ्याजवळचं हाड वाकडं जुळलेलं. दवाखान्यात न जाता तिने ते तसंच बरं होऊ दिलं होतं.

त्या दिवशी मी वर जाऊन त्याच्या कपड्यांच्या बॅगा जिन्यावरून खाली फेकल्या, आणि त्यालाही ढकललं. पडला नाही, मेला, कठडा धरला. खालून वर बघत म्हणाला, “माझ्या घरात मी काय मोडलं म्हणता ताई? दाखवा. फोटो आहे का? फोटोशिवाय क्लेम पास होत नाही.”

खरंच नव्हता. स्वयंपाकघराच्या दारातून त्याची मूठ आरपार गेली होती, त्या जागी पुटी आणि रंग. फ्रिजला लाथ बसली होती, तो पोचा काढलेला. भिंतीत खुर्चीचा पाय घुसला होता, तिथे प्लास्टर. दर वेळी तो मोडायचा आणि त्याच दिवशी ती जोडायची. घर असं की कुणी आलं तर म्हणावं, किती नीटनेटकं.

आमच्या वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. “म्हणजे तुम्ही पुरावा दुरुस्त केलात?”

“सवय आहे,” धाकटी म्हणाली.

प्रकरण असं होतं. पोरीचा ताबा आईकडे, शनिवार-रविवार बापाकडे, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पोरीला शहराबाहेर राहायला न्यायचं नाही. धाकटीला लांबच्या शहरात बसची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात काम मिळालं होतं, राहायला जागा होती, शेजारी शाळा होती. तिला पोरीला घेऊन जायचं होतं, त्याच्या टॉमीपासून लांब. त्याने अर्जाला विरोध केला होता. म्हणे, बाप आणि मुलीची ताटातूट करू नका.

“चांगली नोकरी एवढं कारण पुरत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “बापाजवळ राहणं मुलीला धोक्याचं आहे असं दाखवावं लागेल. नाहीतर जज म्हणतील, तुम्ही खुशाल जा, मुलगी इथे बापाकडे राहील.”

माझं डोकं सटकलं. “मग विचारायचं कशाला? घालते पोरीला व्हॅनमध्ये आणि सोडून येते दोघींना. कोण अडवतंय बघू.”

“तसं करा,” वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, “आणि मग मुलीला विसरा. पळवून नेलं की सगळं तुमच्यावर उलटतं. पोलीस तिला परत आणतील आणि त्याच्या हाती देतील. शनिवार-रविवारपुरती नाही, कायमची.”

परत येताना धाकटी माझ्या पुढे पुढे चालत होती. मीच बडबडत होते, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. दाराशी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “त्याच्याकडे ती कायमची गेली ना ताई, तर मी जगणार नाही.” हे ती रडत म्हणाली असती तर मला इतकं लागलं नसतं.

मग कोर्टाच्या बाई घर बघायला आल्या. समुपदेशक. जाड काचांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, पायात आवाज न करणाऱ्या चपला. आधी त्या पॉलिशच्या घरी जाऊन आल्या होत्या. तिथे म्हणे मुलीसाठी वेगळी खोली होती, गुलाबी पडदे होते. आमच्याकडे त्यांनी चहा घेतला, वायसरशी आतल्या खोलीत एकटीशी बोलल्या आणि बाहेर येऊन बसल्या.

“मुलगी म्हणते, बाबा आवडतात. फिरायला नेतात,” त्या म्हणाल्या. “अर्जात तुम्ही मोडतोडीचं लिहिलंय. पण घर तर फार छान ठेवलंय तुम्ही. मला काहीच दिसत नाही.”

“दिसत नाही कारण ही बया…” मी सुरू झाले, पण धाकटी उठून खाली गेली होती. मला वाटलं, रडायला गेली.

ती ग्राइंडर घेऊन वर आली. घासायची चकती लावलेली. तिने वायर स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये खुपसली, बटण दाबलं आणि चकती दारावर टेकवली. त्या आवाजाने कोर्टाच्या बाई खुर्चीवरून उठल्याच. “अहो, काय करताय! थांबा!” धाकटी थांबली नाही. रंग उडाला, पुटीचा पांढरा धुरळा उसळला, आणि मुठीएवढं भोक उघडं पडलं. कडेच्या फळीचे दात अजून आत वळलेले.

“हे पोरीच्या पहिल्या वाढदिवसाचं,” ती म्हणाली आणि फ्रिजकडे वळली. तिथला रंग उतरला तसा बुटाच्या टाचेचा व्रण वर आला. मग न्हाणीघराचं दार. “इथे आम्ही दोघी आत कोंडून घेऊन बसलो होतो.” कडी उखडलेली जागा मोकळी झाली. मग तिने ग्राइंडर खाली टाकला, डांगरीच्या खिशातून हातोडी काढली आणि भिंतीवर घातली. प्लास्टरचा पोपडा सुटून जमिनीवर फुटला. तिच्या केसांवर, पापण्यांवर, दातांवर धुरळा होता. कोर्टाच्या बाई पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात सरकल्या होत्या. आता ही बाई लिहिणार, आईच हिंसक आहे, मुलीला तिच्यापासून वाचवा. सगळं हातचं गेलं, मी मनात म्हटलं.

“पुरे!” मी ओरडले. “धाकटे, पुरे झालं!”

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून वायसर म्हणाली, “आई, माझ्या कपाटाचं राहिलं.”

आम्ही तिघी तिच्या मागून आत गेलो. तिचं कपाट पातळ पत्र्याचं, निळं, एका बाजूला माशांची चित्रं चिकटवलेली. ती खाली बसली आणि तिच्या खांद्याइतक्या उंचीवरचा एक मोठा मासा नखाने सोलून काढला. त्याच्या खालचा निळा जरा हिरवट होता. आमच्या गॅरेजमधला उरलेला रंग. आणि रंगाच्या खाली पुटी, अंगठ्याने दाबून भरलेली. अंगठा पाण्यात बुडवून पुटी कशी दाबायची हे तिला मी शिकवलं होतं. वयाच्या मानाने हात चांगला आहे म्हणून गिऱ्हाइकांना कौतुकानेही सांगितलं होतं.

धाकटीने इथे ग्राइंडर लावला नाही. पुटी ओढायच्या पत्तीने हळूहळू खरवडलं. पुटी पत्र्याला धरली नव्हती, खालचा रंग न घासताच भरलेली, त्यामुळे तो तुकडा वाटीसारखा अख्खा सुटून तिच्या तळहातावर आला. आत खळगा होता. गोल, गुळगुळीत, कडेला एक सुरकुती नाही.

दगडाने पत्रा चिरतो. दांडीने घडी पडते. असा गोल खळगा आम्ही माणसाला धडकलेल्या गाड्यांच्या बॉनेटवर बघतो, आणि तशी गाडी आली की गॅरेजमध्ये कुणी बोलत नाही. धाकटीने माझ्याकडे बघितलं. मला तिचं तोंड बघवेना.

कोर्टाच्या बाई गुडघ्यांवर बसल्या. “हे कशाने झालं बाळ?”

“डोक्याने.”

“कुणाच्या?”

वायसरला हा प्रश्न अगदीच बावळट वाटला असावा. “माझ्या. बाबांनी आपटलं. पहिल्यांदा पोचा आला नाही, मग परत आपटलं तेव्हा आला.”

“आई कुठे होती?”

“खाली. ठोकत होती. मी ओरडले, पण खाली ऐकू जात नाही.” मग ती माझ्याकडे वळली. “मी पुटी मागायला आले होते मावशी, तूच दिलीस. आठवतं?”

आठवलं. तो अजून इथे वरच राहत होता तेव्हाची गोष्ट. डब्याच्या झाकणावर काढून दिली होती, आणि वर म्हटलं होतं, वाया घालवू नकोस. तिच्या कपाळाच्या वर टेंगूळ होतं. बापाने सांगितलं होतं, झोपाळ्यावरून पडली. आम्ही दोघींनी त्याच्यावर बर्फ चोळला होता.

“कुणाला सांगितलं का नाहीस?” बाईंनी विचारलं.

“आई यायच्या आत भरून टाकला ना मी,” वायसर म्हणाली. “शिळा ठेवायचा नसतो.”

धाकटी तिथेच जमिनीवर बसली आणि तिने तो पुटीचा तुकडा मुठीत चुरडून टाकला. पीठ होईपर्यंत चुरडत राहिली. मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं असतं, पण पोर समोर होती. कोर्टाच्या बाईंनी पिशवीतून मोबाइल काढला. त्यांनी कोपर गुडघ्याला टेकवलं, आणि त्या खळग्याचे फोटो काढले. मग दाराचे, फ्रिजचे, भिंतीचे. जाताना जिन्यावर थांबून मला म्हणाल्या, “आता कशालाही हात लावू नका. तुम्हाला हात जोडते.”

त्यांचा अहवाल कोर्टात गेला आणि त्याची प्रत पॉलिशच्या वकिलाला मिळाली. पॉलिश आला तो भर दुपारी. धाकटी पोरीला शाळेतून आणायला गेली होती, खाली एक गिऱ्हाईक गाडीची वाट बघत बसलं होतं आणि मी गाडीखाली होते. जिन्यावर बूट वाजले ते मी ऐकले. गाडीखालून बाहेर येऊन वर पोहोचेपर्यंत त्याने पहिला घाव घातलेला होता. कपाटाचा वरचा कोपरा आत गेला होता.

त्याचा बेत मला लगेच कळला. सर्व्हेअरच तो. इतके पोचे पाडायचे की त्यातला तो एक ओळखू येऊ नये.

मी धावत गेले आणि खळग्याला पाठ लावून खाली बसले.

“बाजूला व्हा ताई.”

“हो म्हणते. तुझ्या तेराव्याला.”

त्याने टॉमी आडवी फिरवली. मी डावा हात वर केला. पत्र्याचे सगळे आवाज मला माहीत आहेत, तो पत्र्याचा नव्हता. हात कोपराच्या खाली भलतीकडेच वाकला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. उजव्या हातात माझी हातोडी होती. त्याचा गुडघा माझ्या नाकासमोर होता. खरं सांगते, आयुष्यात मला दुसरं काही इतकं करावंसं वाटलेलं नाही. एक घाव, आणि तो जन्माचा लंगडा झाला असता. पण त्याला तेच हवं होतं. मावशीने बापाचा पाय मोडला, असल्या घरात मुलगी कशी ठेवायची, असं त्याचा वकील गळा काढून सांगणार होता. मी हातोडी लांब फेकली आणि त्याला शिव्या घातल्या. मला येत होत्या त्या सगळ्या, मग येत नव्हत्या त्याही. त्याने खांद्यावर मारलं. मग बरगडीवर. तोंडात रक्त आलं, ते मी त्याच्या स्वच्छ शर्टावर थुंकले.

मग टक असा बारीक आवाज आला. दारात धाकटी उभी होती, मोबाइल डोळ्यांसमोर धरून. पोरीला तिने खाली गिऱ्हाइकापाशी बसवलं होतं. तिचा हात स्थिर होता. परत टक. टॉमी वर उचललेली, मी खाली, त्याच्या शर्टावर माझं रक्त.

“ते पुस,” तो म्हणाला. “पुस ते आधी.”

“का?” ती म्हणाली. “फोटोशिवाय क्लेम पास होत नाही.”

तो तिच्यावर धावून गेला. तिने मोबाइल डांगरीच्या आत छातीशी टाकला आणि दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून तिथेच उभी राहिली. टॉमी तिच्या दंडावर बसली, परत बसली, ती हलली नाही. मी एका हातावर सरपटत गेले आणि त्याच्या घोट्याला चावले. सोडलंच नाही. आमचा आरडाओरडा ऐकून खालचं गिऱ्हाईक आणि समोरचा टायरवाला धावत वर आले आणि त्यांनी त्याला खाली पाडून त्याच्या पाठीवर बसकण मारली. त्याचे केस प्रथमच विसकटलेले मी बघितले.

धाकटी फडकं घेऊन माझं तोंड पुसायला आली. मी तिला झिडकारलं. “पुसू नकोस! काही पुसू नकोस, काही घासू नकोस. आधी माझ्या हाताचा फोटो काढ, मग दवाखाना.”

या वेळी हवालदाराला चहा मिळाला नाही.

सुनावणीला मी हात प्लास्टरमध्ये घालून बसले होते. त्याचा वकील म्हणाला, पत्र्याची कपाटं ने-आण करताना ठोकली जातात, त्यात विशेष काय. कोर्टाच्या बाई उठल्या आणि वायसरने सांगितलेलं तिच्याच शब्दांत सांगितलं, एकही शब्द न बदलता. शेवटच्या वाक्याला त्यांना चष्मा काढावा लागला. जजनी बराच वेळ खळग्याचा फोटो हातात धरला. मग हुकूम वाचला. आईने मुलीला घेऊन जावं. बापाने भेटायचं ते कोर्टाच्या खोलीत, कोर्टाच्या माणसासमोर. मारहाणीचा खटला वेगळा चालेल. मी मोठ्याने “घे!” म्हणाले, आणि जजनी माझ्याकडे बघितल्यावर तोंडावर हात ठेवला.

जायच्या दिवशी सकाळी ट्रक आला. धाकटीने सामान आवरलं होतं, मी एका हाताने नुसती लुडबुड करत होते. दोघी गेल्यावर या घरात मी राहायला येणार होते, एकटी. कपाट मागेच ठेवायचं ठरलं होतं. खटला आहे म्हणून नाही, त्याचे फोटो झाले होते, मोजमापं झाली होती, पोलिसांचं काम संपलं होतं. मलाच ते हवं होतं. रोज बघायला. मी ठरवलं होतं की हा एक पोचा मी कधीच काढणार नाही.

वायसर कपाटापाशी उभी होती. “मावशी, आता काढूया ना?”

“राहू दे गं. असू दे.”

“पण आता सगळ्यांनी बघितला,” ती म्हणाली. “जजनीपण बघितला. आता शिळा झालाय.”

मी काही बोलायच्या आत धाकटी खाली जाऊन डॉली आणि हातोडी घेऊन आली. डॉली म्हणजे पत्र्याच्या एका बाजूने धरायचा लोखंडी ठोकळा, दुसऱ्या बाजूने मारायचं. खळगा बाहेरून होता, म्हणजे घाव आतून घालायला हवा होता. तिने कपाटातले कप्पे काढले. वायसर हातोडी घेऊन आत शिरली आणि पाय दुमडून बसली. बाहेरून धाकटीने डॉली खळग्यावर तळहाताने दाबून धरली.

“कुठे मारू?”

“कडेने,” धाकटी म्हणाली. “मधोमध नाही. कडेने गोल गोल ये.”

पहिला घाव घाबरट होता, पाल चुकचुकावी इतकाच. दुसरा जरा बरा. मग तिला अंदाज आला. कपाट घुमायला लागलं. घावांच्या मधून तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मग ती घावागणिक काहीतरी बोलायला लागली. शब्द आम्हाला कळत नव्हते. पत्रा सरळ झाला. डॉलीखाली आता काही उरलं नव्हतं, हे धाकटीच्या हाताला कळलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं. तरी ती मारतच राहिली. पत्रा उलटा बाहेर यायला लागला, निळ्या रंगाचे पोपडे उडून धाकटीच्या तोंडावर पडले. खालून ट्रकवाल्याने हॉर्न दिला. धाकटीने दुसराही तळहात डॉलीवर ठेवला आणि आपला सगळा भार तिच्यावर टाकला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ट्रकवाल्याने परत हॉर्न दिला, मी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला गप्प बस म्हणून खेकसले, आणि कपाटाशी येऊन बसले. आतून घाव येत होते. आम्ही तिला थांब म्हटलं नाही.